पोच

(दृश्य: धोपावे जेटी, सकाळ. फेरीबोट लागते.)

वाशिष्ठी समुद्राला मिळते ती इथे, दाभोळच्या खाडीत. अलीकडे धोपावे, पलीकडे दाभोळ. फेरीबोटीचा पत्रा खाली टेकला की आधी गाड्या चढतात, मग माणसं. ही मुलगी मात्र गाड्यांच्याही आधी चढते. डावा हात कुबडीवर, उजवा पाय जरा ओढत. कठड्याजवळच्या बाकावर तिची जागा ठरलेली. फेरीवरच्या माणसांकडे तिने कधी अर्ज केला नाही. त्यांनी बघितलं आणि समजून घेतलं.

(दृश्य: पाखाडी. जांभ्याच्या पायऱ्या, शेवाळ.)

घरून जेटीपर्यंत ही पाखाडी आहे. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा आई पुढे चालते. जन्मापासून मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, उजव्या बाजूला ताठरपणा. हात चालतो, पण अर्धं पान लिहिलं की बोटं आखडतात.

(दृश्य: कॉलेजचा जिना, खालून वर.)

आणि हा कॉलेजचा जिना. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. कॅमेरा तिच्या मागून चालतोय, कुठेही कापलेला नाही. बघा किती वेळ लागतो ते.

(दृश्य: घर, पडवी. कागद, पेन. हाताचा क्लोजअप.)

पहिल्या वर्षी तिने तोंडी सांगितलं होतं. “बघू हं, बाळ,” असं उत्तर मिळालं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पण वर्ष गेलं. यंदा तिने कागद घेतला.

‘मा. प्राचार्य यांस.’ खाली विषय. मग आजाराचं नाव एका ओळीत, त्याचं पुराण नाही. मग त्या आजाराने नेमकं काय अडतं ते: जिना सहज चढता येत नाही, सलग लिहिता येत नाही. आणि मग मागण्या, एकेक सुटी. वर्ग तळमजल्यावर. परीक्षेची बैठक तळमजल्यावर. लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते लिहून देणारं माणूस. वाढीव वेळ. सोबत अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत. ‘कृपा करून सहकार्य करावे’ असं तिने आधी लिहिलं होतं, नंतर खोडलं. ती खोडलेली ओळ आम्ही मुद्दाम दाखवतो आहोत. कारण तिथे तिने लिहिलं, ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार’.

हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची आहे. मेहेरबानी हा शब्द त्यात कुठेच नाही.

(दृश्य: कॉलेज कार्यालय, खिडकी.)

खिडकीवर प्रमाणपत्र उलटसुलट बघितलं गेलं. अपंगत्वाचे टक्के चाळीसच्या आत. “चाळीस नाहीत, मग लेखनिक कसा मिळेल?”

हा प्रश्न कोकणात, आणि कोकणाबाहेरही, कितीतरी मुलांना परत पाठवतो. म्हणून इथे थोडं थांबू. चाळीस टक्क्यांची अट कायद्यात आहे, ती उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागांसारख्या गोष्टींसाठी. सोयी मागायला ती अट नाही. विकास कुमार नावाच्या तरुणाला लिहिताना हाताला पेटके येत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्याला लेखनिक नाकारला गेला, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने सांगितलं: लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांपुरती अडवून ठेवता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने चाळीसच्या आतल्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लिहायला अडचण आहे असं वैद्यकीय समितीचं प्रमाणपत्र त्यांत मागितलं होतं. तासाला किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

(दृश्य: एसटी, खिडकीतून घाटरस्ता. रत्नागिरी, सिव्हिलचा व्हरांडा.)

त्या एका प्रमाणपत्रासाठी रत्नागिरीच्या सिव्हिलला दोन खेपा. एसटीने जायचं, एसटीने यायचं, आणि मध्ये हा व्हरांडा.

(दृश्य: पुन्हा खिडकी. नोंदवही, शिक्का.)

पुन्हा तीच खिडकी. अर्जाच्या दोन प्रती. एक आत जाते.

“भाऊसाहेब, पोच द्या ना.”

“अगं, देतो की साहेबांना. पोच कशाला?”

ती हलत नाही. मागे रांग वाढते. मग आवक नोंदवही उघडते. क्रमांक पडतो, तारीख पडते, दुसऱ्या प्रतीवर शिक्का बसतो. ती शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभी राहते. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. नोंदवहीत चढलेल्या अर्जाला मात्र कधी ना कधी उत्तर द्यावंच लागतं.

(दृश्य: तळमजला. बाक हलवताना मुलं.)

वर्ग खाली आला. बाक मुलांनीच उतरवले.

(दृश्य: परीक्षा. रिकामा होत जाणारा वर्ग.)

लेखनिक म्हणून वाडीतलीच बारावीतली मुलगी. परीक्षार्थीपेक्षा शिक्षणाने एक पायरी खाली हवी, हा तेव्हाचा नियम. ही हळू आवाजात सांगते, ती लिहिते. घंटा होते. बाकीचे पेपर देऊन निघून जातात. या दोघी अजून बसून आहेत.

त्या सत्रात ती सगळ्या विषयांत पास झाली.

(दृश्य: संध्याकाळ, दाभोळ जेटी. परतीची फेरी.)

पिशवीत प्लास्टिकच्या फाइलमध्ये पोच आहे. त्याच फाइलमध्ये पोचेमागे पुढच्या सत्राचा अर्ज, लिहून तयार. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली आहे.