‘समजलं ना?’ विचारणं थांबवूया

(फोंड्यातल्या शिक्षक मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, संपादित)

शिक्षक बंधू-भगिनींनो,

पत्रिकेत आजचा विषय मेटाकॉग्निशन आणि चिकित्सक विचार असा छापलाय. म्हणजे आपण कसा विचार करतोय यावर मुलाची स्वतःचीच नजर असणं. त्याकडे येतो. पण आधी एक तक्रार ऐका, ती माझ्या मनात खूप दिवस खदखदतेय. धडा संपला की आपण विचारतो, ‘समजलं ना?’ आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, ‘हो सर!’

मुलं खोटं बोलत नाहीत. त्यांना मनापासून वाटतं की समजलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेवेल यांनी १९७९ सालच्या लेखात अशाच एका प्रयोगाबद्दल लिहिलंय. मुलांना काही गोष्टी लक्षात ठेवायला दिल्या आणि पूर्ण पाठ झाल्या की सांगा म्हटलं. मोठ्या मुलांनी ‘झालं’ म्हटलं तेव्हा बहुतेकदा खरंच झालेलं असायचं. लहानग्यांनीही ‘झालं’ म्हटलं, पण विचारल्यावर ती अडली. मग ‘हो सर’वर विसंबून आपण पुढचा धडा कसा काय उघडतो?

आता खाजनांकाठच्या, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांकाठच्या, गावातला एक वर्ग सांगतो, सातवीचा. त्या बांधात पाण्यासाठी दार असलेली वाट ठेवतात, ती मानस. भरती-ओहोटीची व्याख्या सगळ्यांना पाठ होती. मी विचारलं, ‘भरती आली की मानशीचं दार कोण लावतं?’ कुणी म्हणालं, राखणदार. कुणी म्हणालं, पंचायतीचा माणूस. (तुमच्यापैकी निम्मे जण मानशीवरच्या कोळंबीवर वाढलेत, तुम्हाला उत्तर ठाऊक आहे, मुलांना सांगू नका.) मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘आपोआप लागतं.’ मी विचारलं, ‘कशावरून?’ आणि गप्प राहिलो. वर्ग चुळबुळला, मी तरीही गप्प. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘रात्री तिथे कुणी नसतं. पण रात्रीच्या भरतीचं खारं पाणीसुद्धा शेतात येत नाही.’

बघा, पुस्तकात नसलेला पुरावा त्याने स्वतःच्या बघण्यातून काढला! मग मी सगळ्यांना दार काढायला लावलं. बऱ्याच वह्यांत ते शेताच्या बाजूला उघडणारं निघालं. एका मुलीने आपल्या चित्रावरून बोट फिरवत भरतीचं पाणी आणलं, थांबली आणि म्हणाली, ‘असं असलं तर पाणी दार ढकलून आत येईल. माझं दार उलटं आहे.’ तिने ते खोडून नदीकडे उघडणारं काढलं: भरतीचं पाणी ते चौकटीवर दाबून बंद करतं, ओहोटीला शेतातलं पाणी ते बाहेर ढकलतं. मी एक शब्दही बोललो नव्हतो. मी आज ज्याविषयी बोलायला आलोय ते हेच, आणि ते आपल्या गोव्याच्या कुठल्याही वर्गात घडू शकतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

पहिला, थांबणं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंदांच्या पुढे थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

दुसरा, अंदाज. चाचणीत प्रत्येक उत्तरापुढे मुलाने लिहावं: खात्री आहे, थोडी आहे, नाही. खात्रीने लिहिलेलं उत्तर चुकलं तर आधी त्यावर बोला. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना लक्षात राहील याचा भरवसा जास्त होता. आठवडाभराने जास्त आठवलं ते पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना. घरी अभ्यास कसा करायचा हे सांगतानाही हे सांगा.

तिसरा, ‘यात कुणाचा फायदा?’ मासळीसाठी कुणी मानशीचं दार उघडं ठेवलं, खारं पाणी शेतात शिरलं, तर कुणाला मिळालं आणि कुणाचं गेलं? मुलांना दोन्ही बाजूंनी लिहू द्या, मग प्रत्येक विधानापुढे ‘कशावरून?’ लिहायला सांगा. गुण त्या ‘कशावरून’ला द्या, आपल्याला पटलेल्या बाजूला नकोत.

पुढच्या घटक चाचणीत निदान खात्रीचा रकाना घालून बघा. उत्तरपत्रिका घेऊन या, आपण एकत्र बसून वाचू.