एकसष्टचा हट्ट

(दृश्य: कन्नड तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. फळा.)

१७६६३१९०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. या संख्येचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा, उरेल त्याला ६१ नं भागा. भागाकार पुन्हा पूर्ण वर्गच येतो, २२६१५३९८० चा. १ सोडला, तर ६१ साठी हे जमवणारी याहून लहान संख्याच नाही.

शेजारच्यांचं सोपं आहे. ६० ला ३१ पुरतो: ९६१ वजा १, भागिले ६०, आले १६. ६२ चं काम ६३ वर भागतं. मधल्या ६१ ला मात्र दहा अंक लागतात. शंभराच्या आत इतका हट्टी दुसरा कुणी नाही.

(दृश्य: कॅल्क्युलेटर, मग वह्या.)

वर्ग एकोणीस अंकी. साध्या कॅल्क्युलेटरवर तो मावत नाही. मग लेकरं नवाचा पडताळा घेतात. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, तिची १०, तिची १. दुसरीची ३६, म्हणजे नवानं भागून बाकी शून्य. डावीकडे पहिल्या संख्येचा वर्ग, त्याचा १; उजवीकडे ६१ गुणिले दुसरीचा वर्ग अधिक १, म्हणजे शून्य अधिक १. जुळलं! यानं चूक पकडता येते, उत्तर सिद्ध होत नाही. हे बाई बजावून सांगतात.

(दृश्य: देवगिरी किल्ला.)

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात हे उदाहरण सोडवलं. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालानं आपल्या राजधानीत नेलं. नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं मठ काढला. त्याचा शिलालेख कन्नडचा घाट उतरून गेलं की पाटणला आहे. एवढं असून देवगिरी म्हटलं की आपल्याला आठवते ती मेंढा तोफ आणि अंधारी.

(दृश्य: फळ्यावर हात, खडू.)

रीतीचं नाव चक्रवाळ. सुरुवात आठापासून. आठाचा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. एक फेरी घेतली की ३९ येतो: त्याचा वर्ग १५२१, आणि ६१ गुणिले ५ चा वर्ग १५२५. आता चार कमी. इथून पुढे ब्रह्मगुप्ताची ‘भावना’, म्हणजे हातातल्या दोन जोड्यांपासून (३९ आणि ५ ही अशी एक जोडी) तिसरी घडवायची. तिनं २९७१८ मिळतो; त्याचा वर्ग ६१ गुणिले ३८०५ च्या वर्गापेक्षा एकानंच कमी. हीच जोडी स्वतःशी जुळवायची. २९७१८ च्या वर्गाची दुप्पट, अधिक १. झाली फळ्यावरची संख्या.

१६५७ साली फर्मानं युरोपातल्या गणित्यांना हेच ६१ घातलं. ब्राउंकरनं रीत शोधली, आणि गणिती ऑयलरमुळे या समीकरणाला नाव मिळालं मात्र पेल या तिसऱ्याच गणित्याचं.

(दृश्य: वर्ग. बाई फळा पुसतात.)

भास्कराचार्यांनी ६७ चंही उदाहरण दिलंय. बाईंनी तेच घरी करायला सांगितलंय. सुरुवात पुन्हा आठापासूनच, पण यावेळी ३ कमी. उत्तर पाच अंकी.