वाडग्याशेजारच्या चार बरण्या

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'नूडल्स थायलंडच्या घराघरांत कशा पोचल्या'. त्याकडे येणारच आहे. पण आधी मला त्या चार बरण्यांबद्दल बोलू द्या.

आपली माणसं बँकॉकला जातात आणि सहलीची बस त्यांना थेट पंजाबी जेवणाच्या दारात नेऊन उभी करते. आमच्या सहलीतही तेच. संध्याकाळी मी दोघा-तिघांना आग्रहानं व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळच्या कालव्याकाठी नेलं. तिथे बोट नूडल्स मिळतात. पूर्वी विक्रेते होडीतच चूल मांडून त्या विकायचे. वाडगा अगदी छोटा, चार घासांचा. रस्सा काळपट आणि दाट, कारण त्यात डुकराचं किंवा गाईचं रक्त घालतात. (पुढच्या रांगेतल्या काकू, तोंड वाकडं करू नका, रक्ताशिवायही मागता येतं!) आमच्यातल्या एकानं दुसऱ्याच गाडीवरून साध्या पांढऱ्या रश्शाचा वाडगा आणला, एक घोट घेतला, 'फिकं आहे हो' म्हणाला आणि वाडगा सरकवून दिला. समोर चार बरण्या होत्या, एकीचंही झाकण त्यानं उघडलं नाही. मला आजही त्याची हळहळ वाटते.

त्या बरण्यांत काय असतं? साखर, सुक्या मिरचीची पूड, मिरचीचे काप घातलेलं व्हिनेगर आणि माशाचा खारट रस, म्हणजे नाम प्ला. स्वयंपाकी रस्सा मुद्दाम सौम्य ठेवतो. आधी चाखायचं, मग आपल्या जिभेला हवं ते घालायचं. शेवटचा हात खाणाऱ्याचा! मागतानाही तसंच. आधी नूडल्सची जात सांगायची: सेन याय रुंद, सेन लेक अरुंद, सेन मी शेवईइतक्या बारीक, बामी गव्हाच्या आणि अंड्याच्या. मग रश्शातल्या की कोरड्या, ते. इतका मान गिऱ्हाइकाला कुठे मिळतो?

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा विषय भराभर उरकतो. तांदळाच्या नूडल्स आणल्या दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांनी, त्यांत तेओच्यू बोली बोलणारे बहुसंख्य. 1938 ते 1944 पंतप्रधान असलेल्या फिबुनसोंग्खराम यांच्या सरकारनं महायुद्धाच्या काळात लोकांना नूडल्स खायला आणि विकायला उत्तेजन दिलं. पॅड थाईचा, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्सचा, प्रसार त्याच सुमारास झाला असं मानतात. कढईत परतायची रीत चिनी. चिंच, ताडगूळ आणि नाम प्ला मात्र तिथलं. उत्तरेला च्यांग मायचं खाव सोय: नारळाच्या दुधातली करी, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स. त्याचा संबंध चीनमधल्या युन्नानहून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांशी जोडतात. आणि खानोम चीन तर तांदळाचं पीठ सोऱ्यासारख्या साच्यातून उकळत्या पाण्यात पाडून करतात. कोकणातल्यांनी शिरवाळ्या आठवाव्यात, फक्त गुळाच्या रसाऐवजी माशाची करी.

शाकाहारींची चिठ्ठी आलीय. पिवळ्या फलकावर लाल अक्षर दिसलं की ते 'जे' जेवण. त्यात मांस, मासे, नाम प्ला नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही.