कॅमेरा कुणाच्या मागे चालतो?

(दृश्य : ठाणे स्टेशन, रात्र. पनवेलहून ट्रान्स हार्बरची गाडी फलाटाला लागते.)

घणसोली, रबाळे, ऐरोलीच्या ऑफिसांतून सुटलेल्या बायका इथे उतरतात. लेडीज डबा, पूल, मग सॅटिसवरची (स्टेशनबाहेरच्या उंच बस-डेकवरची) बस नाहीतर रिक्षाची रांग. पुलावर गर्दी नसली की एकदा मागे बघायचं, पाय उचलायचे, फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलत असल्याचं दाखवायचं. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

(दृश्य : मॉलमधलं मल्टिप्लेक्स, शेवटचा शो.)

पडद्यावर थ्रिलर चालू आहे. तसाच रिकामा पूल, एकटी मुलगी, बुटांचा आवाज. पण इथे आपण तिच्या सोबत नसतो, तिच्या मागावर असतो. कॅमेरा पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागी बसवलेला. पार्श्वसंगीत सावध करतं ते आपल्याला. काय होणार हे त्याला ठाऊक, प्रेक्षकाला ठाऊक. बेसावध ती एकटीच.

हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’मध्ये मोटेलवाला नॉर्मन भिंतीवरचं चित्र काढतो आणि भोकातून शेजारच्या खोलीत कपडे बदलणाऱ्या मेरियनकडे बघतो. पुढच्या शॉटला आपलाही डोळा त्याच भोकाला लागलेला. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ च्या लेखात या पुरुषी नजरेची चिरफाड केली. हिचकॉकचे सिनेमे त्यात होतेच.

आपल्याकडे १९९३ चा ‘डर’. ती नको म्हणते, तिचं लग्न होतं, तरी तो फोन करतच राहतो. नायक सनी देओल. लोकांच्या लक्षात राहिला तो पाठलाग करणारा, शाहरुख खान. ‘वेडा होता, पण प्रेम खरं होतं’ असं म्हणणारे आजही भेटतात. फोनची घंटा वाजली की तिच्या पोटात काय होत असेल, यावर इतक्या हिरिरीने कुणी बोलत नाही.

तेव्हा दंड संहितेत पाठलाग हा वेगळा गुन्हाच नव्हता. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१३ मध्ये कलम ३५४ ड आलं. आता ते न्याय संहितेचं कलम ७८. बाईने अनिच्छा स्पष्ट दाखवूनही वारंवार मागे जाणं, संपर्क साधणं हा गुन्हा; इंटरनेटवर ती काय करते यावर पाळत ठेवणं हाही. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कायदा तिच्या ‘नाही’पासून मोजायला लागतो. हिंदी पटकथा त्याच ‘नाही’वर मध्यंतरापर्यंत रेटते.

बाकीचे साचे तोंडपाठ आहेत. मोकळी वागणारी आधी मरते. बायको मरते, कारण नायकाला सूड घ्यायचाय. महिला इन्स्पेक्टर असली तरी तिला सोडवायला कुणीतरी येतोच. याला मी लेखकांचा आळस म्हणेन.

कारण हेच वेगळ्या पद्धतीने करता येतं. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’, १९९१. एफबीआयमधल्या प्रशिक्षणार्थी क्लॅरिसशी बोलणारे पुरुष जवळजवळ थेट कॅमेऱ्यात बघतात, त्यामुळे ती रोखलेली नजर आपल्यालाही झेलावी लागते. शेवटी मात्र तोच सिनेमा अंधारात खुन्याच्या नाइट व्हिजन चष्म्यातून तिच्याकडे बघतो. पिस्तुलाचा खटका ऐकताच ती वळून गोळ्या झाडते. सोडवायला कुणी येत नाही. मात्र खुन्याच्या पात्रातून समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींविषयीचा जुनाच साचा या सिनेमाने वापरला, अशी टीका तेव्हा झाली. तीही रास्तच होती.