रस्ता वर, घर खाली

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वसाहतींमधून डांबराचा वास यायला लागतो. मार्चअखेर निधी खर्ची पडलेला असतो आणि पहिल्या सरीच्या आत काम उरकायचं असतं. घरापुढचा रस्ता काळाभोर होतो, नारळ फुटतो, फोटो निघतात. आपणही खूश होतो, आणि व्हावंच. फक्त त्या दिवशी एक गोष्ट जरा वाकून बघा, असं मी आज सांगणार आहे : नवा रस्ता आणि तुमचा उंबरा यांच्या उंचीत आता किती अंतर उरलंय?

सत्तर-ऐंशीच्या दशकात बांधलेल्या बैठ्या घरांची कुठलीही कॉलनी डोळ्यांपुढे आणा. पुण्यातली, नाशकातली, सोलापुरातली, कुठलीही. तेव्हा फाटक उघडलं की दोन-तीन पायऱ्या चढून ओट्यावर जायचं. आज अशा कितीतरी घरांत फाटकातून एक पायरी उतरून अंगणात जावं लागतं. घर खचलेलं नसतं. रस्ता चढलेला असतो.

हिशेब अगदी सोपा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घराचं जोतं, म्हणजे ज्यावर घर उभं असतं तो चौथरा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच हवं. आता रस्ता नवा करताना जुना थर तसाच ठेवून वर खडीचा ५ सेंटिमीटरचा थर आणि त्यावर २ सेंटिमीटरचं कार्पेट, म्हणजे डांबराचा वरचा पातळ थर, टाकलं, तर प्रत्येक खेपेला ७ सेंटिमीटर वाढले. असं सहा वेळा झालं की ४२ सेंटिमीटर. जोतं संपलं! छपराखालच्या पार्किंगला तर संहिता किमान १५ सेंटिमीटरच मागते. ते दोन थरांतच गिळलं जातं. म्हणून पहिल्या मोठ्या पावसात आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं, आणि आपण म्हणतो, यंदा पाऊसच फार झाला.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. नवा थर टाकण्याआधी जुना थर यंत्राने खरवडून काढायचा. त्याला मिलिंग म्हणतात. खरवडलेला माल वाया जात नाही, नव्या मिश्रणात पुन्हा वापरता येतो. पण ही खरवडणी अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून लिहिलेली असावी लागते. लिहिलेली नसेल तर ठेकेदार ती करणार नाही, कारण तिचे पैसेच त्याला मिळणार नाहीत. तेव्हा रोलर आल्यावर हुज्जत घालून उपयोग नाही. जी काही हुज्जत घालायची, ती अंदाजपत्रक बनत असताना.

पातळी वाढली की आणखी एक घोळ होतो, ड्रेनेजच्या चेंबरचा. रस्ता ७ सेंटिमीटर वर गेला आणि झाकण होतं तिथेच राहिलं, तर भर रस्त्यात एक गोल खड्डा तयार होतो, आणि रात्री दुचाकीचं पुढचं चाक बरोबर त्यात जातं. चेंबरची चौकट उचलून नव्या पातळीला बसवणं हा डांबरीकरणाचाच भाग आहे. ‘ते दुसऱ्या खात्याचं काम’ हे उत्तर तुम्हाला ऐकायला मिळेलच. पण काम मंजूर करताना दोन्ही खात्यांनी एका कागदावर सह्या कराव्यात, इतकी अपेक्षा रहिवाशांनी ठेवायला हरकत नसावी.

आता रस्त्याच्या उताराकडे येऊ. चांगला रस्ता सपाट नसतो. मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. डांबरी रस्त्याला हा आडवा उतार साधारण २ ते अडीच टक्के ठेवतात. काँक्रीटला थोडा कमी चालतो, मुरमाच्या रस्त्याला जास्त लागतो. ६ मीटर रुंद डांबरी रस्ता धरा. मध्यापासून कडेपर्यंत ३ मीटर, म्हणजे अडीच टक्क्यांनी मधला भाग कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर उंच. हे तपासायला अभियंता लागत नाही. गवंड्याकडे असते ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, तिच्यात पाणी भरा, एक टोक मध्ये धरा, दुसरं कडेला. काय ते दिसेल. डांबराचा शत्रू पाणी आहे, गाड्या नंतर. पाणी साचतं तिथे खडी सुटते, आणि खडी सुटली की खड्डा पडलाच म्हणून समजा.

हे आकडे देशपातळीवर ठरवते ती संस्था इंडियन रोड्स काँग्रेस. तिची स्थापना १९३४ सालची. त्याआधी १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली होती आणि तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्या समितीच्या शिफारशींतूनच पुढे ही संस्था उभी राहिली. म्हणजे उतार किती, कर्ब म्हणजे फुटपाथच्या कडेची पट्टी किती उंच, गतिरोधक कसा, हे सगळं कुठल्या तरी परक्या पुस्तकातलं आहे असं समजायचं कारण नाही. आपल्याच माणसाने घातलेला पाया आहे.

इथवर पालिकेचं झालं. आता आपलं.

कडेचं पाणी वाहतं ते गटारात, आणि गटार अडतं ते आपल्या रॅम्पखाली. घर बांधताना गाडी आत घ्यायची म्हणून फाटकासमोर काँक्रीटचा उतार टाकतात. फाटकाच्या आत जागा वाया जाऊ नये म्हणून सगळा उतार बाहेर, म्हणजे गटारावर आणि फुटपाथवर. खाली पाणी जायला म्हणून चार इंची पाइप घालतात. त्या पाइपात पहिल्याच पावसात पालापाचोळा, गुटख्याच्या पुड्या आणि वाळू जाऊन बसते. मग पाणी रॅम्पला वळसा घालून रस्त्यावर येतं, रस्त्यावरून शेजाऱ्याच्या अंगणात शिरतं, आणि शेजारी आपला रॅम्प आणखी चार इंच उंच करतो. सगळ्या गल्लीत ही चढाओढ चालते. शेवटचं घर ज्याचं, त्याच्या नशिबी सगळ्यांचं पाणी.

नीट करायचं तर कसं? गटार उघडंच वाहू द्यायचं आणि फाटकासमोर त्याच्या पूर्ण रुंदीवर लोखंडी जाळी किंवा काँक्रीटचे सुटे ढापे टाकायचे. ढापा असा, की दोन माणसांना पहारीने उचलता आला पाहिजे. ओतीव स्लॅब टाकलात तर गाळ काढायला कुणी येणारच नाही, कारण काढायला वाटच नसते. आणि उतार घ्यायचा तो फाटकाच्या आत, आपल्या जागेत. १५ सेंटिमीटर चढायचं असेल तर दहास एक उताराला दीड मीटर लांबी लागते. दीड मीटर अंगण द्यायला जीव जड होतो, मान्य. पण बाहेर दिलेला दीड मीटर आपला नसतोच.

फुटपाथचंही तेच. पादचारी मार्गाचे नियम सांगतात की चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, कर्ब १५ सेंटिमीटरहून उंच नको, आणि घराच्या प्रवेशापाशी फुटपाथ सलग त्याच पातळीत चालू राहिला पाहिजे. गाडीने वर चढावं, मग उतरावं, चालणाऱ्याने नव्हे. आपल्याकडे बरोबर उलटं आहे. दर दहा पावलांवर एक फाटक, म्हणून दर दहा पावलांवर फुटपाथ खाली जातो आणि वर येतो. गुडघे दुखणारी आजी मग फुटपाथ सोडून सरळ रस्त्यावरून चालते आणि आपण म्हणतो, लोक फुटपाथ वापरतच नाहीत. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण केलं, त्यात चालणाऱ्याला पहिला मान दिला आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाला, तो बघून या. कॉलनीच्या आतल्या गल्ल्यांपर्यंत मात्र ते धोरण अजून चालत चालतच येतंय.

पेव्हर ब्लॉकबद्दल थोडक्यात. ब्लॉकची जाडी वाहनावर ठरते. फक्त पायी चालायचं असेल तर ५० मिलिमीटर पुरतात, मोटारी जाणार असतील तर ६०, आणि त्याहून जास्त वर्दळ असेल तर ८०. पाण्याचा टँकर येणाऱ्या सोसायटीत ६० मिलिमीटरचे ब्लॉक टाकून पैसे वाचवू नका. कडेला कर्बचा आधार नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि फटीत चप्पल अडकते. आणि झाडाच्या बुंध्याला चिकटवून ब्लॉक किंवा काँक्रीट अजिबात नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात बुंध्याभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. तेवढी माती उघडी राहिली तर पाणी मुरतं, झाडही वादळात उभं राहतं.

गतिरोधक हा आपला आवडता विषय. एखादा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी लोक वर्गणी काढून एक बांध घालतात. अरुंद, उंच, बिनरंगाचा. त्याने मोटार थांबते, पण दुचाकीवर मागे बसलेल्याचं कंबरडं मोडतं आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल होतात. नियमातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून ताशी २५ किलोमीटर वेगाने न आदळता जाता येतं. वर ठळक पट्टे हवेत आणि ४० मीटर आधी फलक हवा. कॉलनीत ३.७ मीटर रुंदीचा गतिरोधक मी क्वचितच पाहिलाय. एका गल्लीत तर तीन घरांसमोर तीन बांध होते, प्रत्येक घराचा आपापला.

एक चौकशी जरूर करा : तुमच्या लेआउटचा रस्ता पालिकेच्या ताब्यात दिला आहे का? बिल्डरने तो हस्तांतरित केला नसेल तर पालिका त्यावर खर्च करायला हात आखडता घेते. गुंठेवारीच्या वस्त्यांत प्रश्न आणखी अवघड असतो, कारण तिथे रस्ता म्हणजे दोन खरेदीदारांनी सोडलेली पट्टी. २००१ च्या कायद्याने अशी बांधकामं नियमित होऊ शकतात, पण अग्निशमनाची गाडी वळायला जागा त्या कागदाने तयार होत नाही.

आता हत्यार कोणतं, ते सांगतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात केवळ कागदच मागता येतात असं नाही. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही त्यात आहे. अर्जात पाच गोष्टी मागा : अंदाजपत्रक, मंजूर उतारांचा आडवा छेद, मिलिंगची बाब आहे की नाही, झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तकाची प्रत, आणि दोषदायित्वाचा कालावधी किती. त्या कालावधीत खड्डा पडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तर द्यायला कार्यालयाला ३० दिवस मिळतात, आणि कॉलनीतला रस्ता तर आठवड्यात होऊन जातो. म्हणून वर्क ऑर्डर निघाल्याची कुणकुण लागली, की त्याच दिवशी अर्ज टाका.

नमस्कार.