गाडीखालचे गेलेले आटे

मित्रहो, पाना फिरतोय, बोल्टही फिरतोय, पण घट्ट काही होत नाही, म्हणजे आटे गेले. गाडीखाली काम केलेल्या प्रत्येकाला ही अवस्था ठाऊक असते. अशा वेळी पहिल्यांदा सुचतं ते एक माप मोठा बोल्ट जोर लावून बसवायचं. मी तुम्हाला त्यापासून थांबवायला आलो आहे. आधी एवढंच बघा की हे आटे किती भार पेलत होते. दुरुस्ती कोणती करायची, किंबहुना करायची की नाही, हे त्यावर ठरतं.

आठ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा साधा बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरला आवळला, की दोन भागांना तो जवळजवळ दीड टनाच्या जोराने एकमेकांवर दाबून धरतो. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो, आणि सगळी पकड त्या ताणातून येते. हा भार सगळ्या आट्यांवर सारखा पडत नाही. बोल्टच्या डोक्याकडून गुंतलेला पहिला आटा एकटाच साधारण एक तृतीयांश भार घेतो, आणि पहिल्या पाच-सहा आट्यांत बहुतेक भार संपतो. म्हणून हे पहिले एक-दोन आटे कातरले गेले, की मागचेही पाठोपाठ जातात.

या कारणासाठी सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक कॅलिपर आणि सीटबेल्टचे बोल्ट मी वेगळे काढतो. तिथले आटे गेले तर तो भागच बदलावा. निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत स्पष्ट परवानगी दिलेली असेल, तेवढाच अपवाद. उलट इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं आवरण धरणारा बोल्ट गेला, तर रिव्हेट नट, म्हणजे भोकात दाबून पक्का बसवायचा नट, लावून मोकळं व्हा. त्यावर डोकं शिणवायची गरज नाही. खरा विचार करावा लागतो तो या दोहोंच्या मधल्या जागी: ऑइल सम्प म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं आवरण, पत्र्याच्या पेटीत वेल्डिंगने जोडलेले वेल्ड नट.

बरेचसे आटे आवळताना नाही, सोडवतानाच जातात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधली बारीक फट त्याने भरली, की बोल्ट बाहेर येताना आटे ओरबाडत येतो. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट असेल आणि तिथे खारट पाणी पोचत असेल, तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तिथली पांढरी भुकटी तुम्ही पाहिली असेल. वेल्ड नटमधून बोल्टचं टोक पलीकडे डोकावत असेल आणि हात पोचत असेल, तर ते आधी तारेच्या ब्रशने साफ करा. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर राहू द्या. मग थोडं सोडवा, थोडं परत आवळा, असं करत बाहेर या. या संयमाने जितके आटे वाचतात, तितके नंतरच्या कुठल्याही अवजाराने वाचत नाहीत.

आता इन्सर्ट, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी नवे आटे देणारा भाग. तारेच्या इन्सर्टमध्ये पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या छेदाची स्टेनलेस स्टीलची तार गुंडाळलेली असते. ती भोकापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे आत गेल्यावर बाहेरच्या बाजूला फुलून स्वतःला धरते. एम ८ साठी आधी सुमारे ८.३ मिलिमीटरचं भोक पाडायचं, मग इन्सर्टसोबत येणारा खास टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं अवजार, फिरवायचा. त्या टॅपचा बाहेरचा व्यास साडेनऊ मिलिमीटरच्या वर जातो. तेवढं भोक केल्यावर भोवती पुरेशी भिंत उरते का, हे ड्रिल हातात घेण्याआधी मोजा. भिंत चांगली असेल तर ॲल्युमिनियममधले नवे आटे मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतात, कारण धातूवरची पकड मोठ्या व्यासावर पसरते.

सगळी कसोटी भोक सरळ पाडण्यात आहे. गाडी भक्कम स्टँडवर हवी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण सगळा कीस तोंडावर पडतो. पाठीवर झोपून वर हात केला की ड्रिल कलतंच, आणि आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. भोकात पोलादी बोल्टचा तुकडा अडकला असेल तर बिट त्याच्यावरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. म्हणून लोखंडाचा एक जाड ठोकळा घ्या, टेबलावरच्या ड्रिलवर त्यात सरळ भोक पाडा, आणि शेजारच्या चांगल्या आट्यांत बोल्ट घालून तो जागेवर बसवा. बिट त्या भोकातूनच वर जाऊ द्या. ठोकळा करायला वेळ लागतो, मान्य. पण वाकडं पडलेलं भोक सरळ करायला तुमच्याजवळ धातू उरलेला नसतो.

टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. ॲल्युमिनियमला रॉकेल चालतं, पोलादाला कापायचं तेल लावा. सम्प उतरवणं शक्य नसेल तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कीस त्यातच अडकेल, आणि शेवटी थोडं तेल ओतून भोकातून वाहू द्या. जमत असेल तर सम्प उतरवाच. इन्सर्ट पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा आत बसला पाहिजे. बसवताना ज्याला धरून तो फिरवतात ते त्याचं टोक मोडल्यावर तो तुकडा बाहेर काढून हातात घ्या, आत सोडू नका. ऑइल बदलताना वारंवार उघडणाऱ्या ड्रेन प्लगला, म्हणजे सम्पच्या बुचाला, मात्र मी तारेचा इन्सर्ट वापरत नाही. तो कधी कधी प्लगबरोबर बाहेर येतो. तिथे भरीव भिंतीची बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेली नळी, चांगली.

बोल्ट नवा घ्या आणि पहिले काही फेरे बोटांनीच बसवा. बोटांनी जात नसेल तर तो आडवा धरतोय. इम्पॅक्ट गनने तो आत जाईल खरा, पण आटे कापत जाईल. टॉर्क रेंचवर, म्हणजे पिळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर, लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के घर्षणात जातो, जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणतो. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि तुम्ही अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, लावलं, तर घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. अशा वेळी अँटी-सीझच्या निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे टॉर्क कमी करा, नाहीतर आटे कोरडेच ठेवा.