पाण्याअभावी चुकलेली सीमा

नमस्कार श्रोतेहो. टेक्सासच्या वायव्य कोपऱ्याचा जुना स्थलनिर्देशक नकाशा उघडलात, तर एक गंमत दिसेल. ओक्लाहोमाची पश्चिम सीमा सरळ खाली येते आणि टेक्सास लागताच दोन मैलांहून जास्त पश्चिमेला सरकते. तिथे ना नदी, ना डोंगर. नुसतं गुरं चारायचं माळरान.

ही करामत 1859 सालची. जॉन क्लार्क या मोजणीदाराला 103 अंश पश्चिम रेखावृत्तावर टेक्सास आणि न्यू मेक्सिको यांच्यामधली सीमा आखायची होती. दक्षिणेकडून निघाला, पुढे पाणी मिळेना. मग वळसा घालून उत्तर टोक गाठलं आणि तिथून खाली यायला लागला. मधला पट्टा मोजायचा राहिलाच. लक्षात घ्या, मधला पट्टा राहिला आणि मोजलेले दोन्ही तुकडेही पश्चिमेला गेले: उत्तरेला सव्वादोन मैल, दक्षिणेला जवळजवळ पावणेचार.

पुढे ऑस्टिनचं विधानभवन बांधून देण्याच्या बदल्यात टेक्सासने कंत्राटदारांना 30 लाख एकर रान दिलं. त्यावर एक्सआयटी नावाचं गुरांचं प्रचंड रँच उभं राहिलं, पश्चिमेची हद्द क्लार्कच्या रेषेला टेकलेली. न्यू मेक्सिकोने 1910 मध्ये आपल्या घटनेत खरं रेखावृत्त लिहिलं. पण अमेरिकी संसदेने 1911 मध्ये क्लार्कचीच रेषा कायम केली. सुमारे 6 लाख एकर टेक्सासकडे राहिले! आपल्याकडे वीतभर बांधासाठी पिढ्या कोर्टात जातात, आणि तरी मोजणीची फी भरताना हात आखडतो, ते जाऊ द्या.

अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याचे 1884 पासूनचे नकाशे टोपोव्ह्यू संकेतस्थळावर फुकट आहेत. 1:24,000 प्रमाणाचं, सीमेवरचं पत्रक घ्या. न्यू मेक्सिकोच्या बाजूला मैलभराच्या चौकोनांच्या तांबड्या रेषा दिसतील. टेक्सास आलं की त्या थांबतात. टेक्सासने आपल्या सरकारी जमिनी स्वतःकडे ठेवल्या, त्यामुळे केंद्राची चौकोनी मोजणी तिथे झालीच नाही. उंची दाखवणाऱ्या बंद तपकिरी रेषेला आतून बारीक दात असतील तर तो खळगा, टेकडी नव्हे. पावसाचं पाणी तिथेच साचतं. जांभळ्या रंगातली भर हवाई छायाचित्रांवरून घातलेली, बहुधा जागेवर न तपासलेली.

आणि जुन्या पत्रकांचा आधार, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात तो मूळ संदर्भ, 1927 चा. पुन्हा सांगतो, 1927 चा. नव्या आधारावर चालणारं फोनचं जीपीएस त्यावर जसंच्या तसं लावलं, तर अक्षांश-रेखांशात सुमारे 40 मीटरचा फरक पडतो. यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या चौकटीत तोच सुमारे 200 मीटरवर जातो. पवनचक्कीची जुनी विहीर शोधायची असेल, तर आधी उपकरणात तो आधार बदला, मगच चालायला लागा.